शपथ आणि सोबत

दारूच्या व्यसनाने ग्रासलेला मनुष्य देवळात येतो तेव्हा आपण त्याला काय देतो, हा प्रश्न आम्ही आज वाचकांपुढे ठेवीत आहोत. बेळगाव, खानापूर, संकेश्वर, निपाणी या बाजूच्या आणि घाटाखाली गोमंतकातल्या आपल्या देवस्थानांत त्याचे उत्तर बहुधा एकच मिळेल: आपण त्याला शपथ देतो. घरची मंडळी त्याला देवापुढे उभे करतात, गाऱ्हाणे घातले जाते, नारळावर हात ठेवून पुन्हा थेंबालाही शिवणार नाही असे त्याच्याकडून वदवून घेतले जाते, आणि काम झाले असे सर्वांना वाटते. त्या क्षणी त्यालाही तसेच वाटत असते. त्याचा निश्चय खोटा मानण्याचे कारण नाही. परंतु पंधरा दिवसांनी किंवा दोन महिन्यांनी ती शपथ मोडते, आणि शपथ मोडल्यावर काय घडते इकडे आपले फारसे लक्ष गेलेले नाही. माणसाला दिलेला शब्द ज्याने मोडला तो त्या माणसाला चुकवितो. देवाला दिलेला शब्द ज्याने मोडला तो देवाला चुकवू लागतो. पालखीच्या दिवशी तो दिसेनासा होतो, जत्रेला आलाच तर मंडपाबाहेर उभा राहतो. त्याला जवळ आणण्यासाठी घातलेली शपथच त्याला देवळापासून दूर नेते.

शपथेचे सामर्थ्य नाकारण्याचा आमचा हेतू नाही. पंढरीच्या वाटेवर गळ्यात तुळशीची माळ घालून दारूपासून कायमची फारकत घेतलेली कुटुंबे या सीमाभागात गावोगाव आहेत. गाडगेबाबांनी (1876–1956) आपल्या कीर्तनांतून हजारो श्रोत्यांना दारू सोडण्याची हाक दिली, आणि ती ऐकणारे ऐकून स्वस्थ बसले नाहीत. पण माळकऱ्याचे व्रत कशावर टिकते हे नीट पाहिले पाहिजे. माळ एकट्याच्या गळ्यात असली तरी तिच्यामागे पंधरवड्याची एकादशी असते, गावातले भजन असते, आषाढीची दिंडी असते, आणि चुकार माळकऱ्याच्या घरी जाऊन 'काल का आला नाहीस?' असे विचारणारे शेजारी असतात. तेथे शपथ एक दिवसाची आणि सोबत जन्माची आहे. देवळात आपण मात्र शपथ घेतो आणि सोबत द्यायला विसरतो.

शपथेने भागले नाही तेव्हा समाजाने कायद्याचा आश्रय केला. त्याचीही कसोटी आपल्या या प्रदेशात जितकी लागली तितकी क्वचितच अन्यत्र लागली असेल. बेळगाव जिल्हा मुंबई राज्यात असताना 1950 साली त्या राज्यात संपूर्ण दारूबंदी आली. 1956 च्या राज्यपुनर्रचनेत हा जिल्हा म्हैसूर राज्यात गेला. त्या राज्याने 1967 साली दारूबंदी उठविली. पुढे 2007 साली कर्नाटकाने साराईवर बंदी घातली. या सर्व काळात घाटाखालच्या गोमंतकाची रीत निराळीच होती. कायद्याचे महत्त्व आम्ही कमी लेखीत नाही. हाताशी दारू कमी असली तर नव्याने बिघडणारी माणसे कमी होतात, आणि गरिबाच्या घरात चार पैसे उरतात. परंतु सीमेवरच्या मनुष्याला एक गोष्ट पक्की ठाऊक असते, ती ही की, कायदा जेथे संपतो तेथून हाकेच्या अंतरावर दुसरा कायदा सुरू होतो. ज्याला दारू सुटतच नाही तो ते अंतर चालून जातो. कायदा गुत्ता बंद करील; रात्री दोन वाजता जागा असलेल्या मनुष्याजवळ तो बसणार नाही.

मग जवळ कोणी बसावे? या प्रश्नाचे एक उत्तर 1935 साली अमेरिकेतील ॲक्रन या गावी सापडले, आणि ते कसे सापडले हे समजून घेण्यासारखे आहे. बिल विल्सन नावाचा न्यूयॉर्कचा एक शेअरदलाल दारूपायी उद्ध्वस्त होऊन नुकताच सावरला होता. दारू सोडून त्याला पाच महिने झाले होते. ॲक्रनला तो धंद्याच्या कामासाठी गेला. ते काम फसले. हॉटेलच्या दिवाणखान्यात तो एकटा उभा होता आणि मद्यगृहातून हसण्याबोलण्याचा आवाज येत होता. आता आपण पिणार, हे त्याला उमगले. त्याच वेळी त्याला असेही उमगले की, आपल्यासारखाच कोणी दुसरा दारूने पिडलेला मनुष्य भेटला व त्याच्याशी बोलता आले, तर आजची रात्र निभावेल. गाव परके होते. भिंतीवर गावातील प्रार्थनामंदिरांची यादी लावलेली होती. तिच्यावरून त्याने एका धर्मोपदेशकाला दूरध्वनी केला. त्याने काही नावे दिली. त्या नावांवरून शोध घेता घेता हेन्रिएटा सायबरलिंग या बाईंशी गाठ पडली, आणि त्यांनी दुसऱ्या दिवशी, 12 मे रोजी, डॉ. रॉबर्ट स्मिथ या शल्यवैद्याची भेट घालून दिली. हा डॉक्टर स्वतः दारूच्या पूर्ण आहारी गेलेला होता. पंधरा मिनिटांपेक्षा अधिक बसणार नाही असे बजावून तो आला आणि रात्री उशिरापर्यंत बोलत बसला. या भेटीतून 'अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस', म्हणजे निनावी मद्यपींची संगत, उभी राहिली. 1957 साली ती भारतात आली.

या हकीकतीतील दोन गोष्टींकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधतो. पहिली अशी की, त्या धर्मोपदेशकाला वा त्या बाईंना दारूचे व्यसन नव्हते. त्यांनी उपदेश केला नाही, औषध दिले नाही, शपथ घातली नाही. एक पिडलेला मनुष्य दुसऱ्या पिडलेल्या मनुष्याला शोधीत होता. त्याला त्यांनी वाट दाखविली, इतकेच. दुसरी गोष्ट अशी की, पहिल्या भेटीनंतर डॉ. स्मिथ पुन्हा एकदा प्याला. शेवटचा घोट त्याने 10 जून 1935 रोजी घेतला, आणि तोच दिवस ही संगत आपला स्थापनादिन मानते. म्हणजे जिच्या उगमालाच एक मोडलेला निश्चय आहे, अशी ही संस्था आहे. तो मोडल्यावर विल्सनने मित्राला दूर केले नाही, हेच तिचे बीज होय.

आता आमच्या वाचकांपैकी शास्त्र जाणणारे येथे एक शंका काढतील, आणि ती हलकी नाही. छांदोग्य उपनिषदात सुवर्णचोर, सुरापान करणारा, गुरुतल्पगामी आणि ब्रह्मघ्न या चौघांना पतित म्हटले आहे, आणि पाचवा पतित कोण, तर या चौघांशी संसर्ग ठेवणारा. मनुस्मृतीनेही हीच पाच महापातके सांगितली आहेत. दारू पिणाऱ्यांनी दारू पिणाऱ्यांच्याच संगतीत बसावे आणि त्यातून बरे व्हावे, ही कल्पना या पाचव्या पातकाच्या अगदी उलट नाही काय? बुडणारा बुडणाऱ्याला कसा तारील?

आमचे उत्तर असे आहे. संसर्गाला पातक ठरविणाऱ्या शास्त्रकारांनी संसर्गाचे बळ ओळखले होते. मनुष्य ज्यांच्यात बसतो त्यांच्यासारखा होतो, हा त्यांचा अनुभव. त्याच अनुभवाच्या दुसऱ्या बाजूला संतांनी सत्संग म्हटले. तेव्हा चौघे कोणत्या पातकाने एकत्र आले याहून ते कोणत्या हेतूने एकत्र बसले हे पाहणे अगत्याचे आहे. गुत्त्यात बसणारे आणि या सभेत बसणारे कदाचित तेच चौघे असतील; पण पहिल्या बैठकीत प्रत्येक जण दुसऱ्याला पिण्याचे निमित्त देतो आणि दुसऱ्या बैठकीत न पिण्याचे. या संगतीत येण्याची अट एकच आहे: दारू सोडण्याची इच्छा. जात, धर्म, शिक्षण, सांपत्तिक स्थिती यांची विचारणा नाही. ती इच्छा असली की पतितांचा संसर्ग हा सत्संग होतो, असे आम्हांस वाटते.

राहिला अधिकाराचा प्रश्न. जुन्या व्यवस्थेत पातकी मनुष्य विद्वानांच्या परिषदेपुढे जाऊन आपले पाप सांगे आणि परिषद त्याला प्रायश्चित्त देई. स्वतःचे पाप उघड बोलणे आणि त्याचा अनुताप होणे, हा मुक्तीचा मार्ग म्हणून मनूनेही सांगितला आहे. निनावी सभेतही मनुष्य आपली कथा उघड बोलतो. भेद इतकाच की, ऐकणारी परिषद निष्कलंकांची नाही. समोरचा मनुष्य काल याच जागी बसला होता. पगाराच्या दिवशी कोणत्या कारणाने घर टाळले जाते, बाटली कोठे लपविली जाते, मुलाच्या शाळेच्या पैशांचे काय होते, हे त्याला सांगावे लागत नाही. विद्वानाचा अधिकार ज्ञानाचा असतो. याचा अधिकार भोगलेल्याचा आहे. निष्कलंक मनुष्यापुढे व्यसनी मनुष्य एक तर खोटे बोलतो किंवा रडतो. आपल्यासारख्यापुढे तो खरे बोलतो. आणि ऐकणाऱ्याचेही यात कल्याण आहे, कारण दुसऱ्याला सावरताना त्याचा स्वतःचा आजचा दिवस सावरतो. येथे उपकार कोणी कोणावर करीत नाही.

याच सभेत आजन्म शपथेऐवजी आजच्या दिवसाचाच निश्चय मागितला जातो. यात ढिलाई आहे असे कोणी म्हणेल. आम्हांस यात गीतेतला अभ्यास दिसतो. चंचल मनाला आवरण्याचा उपाय अर्जुनाने विचारला तेव्हा त्याला अभ्यास आणि वैराग्य सांगण्यात आले, आणि अभ्यास ही रोज नव्याने करावयाची गोष्ट आहे. त्याच सहाव्या अध्यायात अर्जुनाने पुढचा प्रश्नही विचारला आहे: योगापासून ढळलेल्याची गती काय? कल्याणाच्या वाटेने निघालेल्याची दुर्गती होत नाही, असे आश्वासन त्याला मिळाले. मोडलेल्या शपथेमुळे देवळापासून तुटलेल्या मनुष्याला आपण ते आश्वासन कधी ऐकविले आहे काय? सभेत मात्र तो पुन्हा पिऊन आला तरी त्याची खुर्ची राखलेली असते, आणि त्याचे दिवस पुन्हा एकपासून मोजले जातात.

हे सर्व परदेशी आहे, आपल्या मातीत रुजणार नाही, असे म्हणण्यासही आता जागा उरलेली नाही. ज्या इरकलची लुगडी आपल्या घरोघरी आहेत, त्या गावच्या वीरशैव मठाचे डॉ. महांत शिवयोगी 1975 पासून खांद्याला झोळी लावून दारोदार हिंडले आणि लोकांकडे त्यांच्या व्यसनांची भिक्षा मागू लागले. स्वामींनी आज्ञा केली नाही, याचना केली. 2018 साली त्यांचे देहावसान झाले. त्यांचा जन्मदिवस, 1 ऑगस्ट, कर्नाटकात व्यसनमुक्ती दिन म्हणून पाळला जातो. धर्मस्थळ येथे, जेथे देव शिव, पुजारी वैष्णव आणि धर्माधिकारी जैन आहेत, त्या श्रीमंजुनाथाच्या क्षेत्राने 1982 साली ग्रामाभिवृद्धी योजना सुरू केली. तिच्या जोडीने चाललेल्या जनजागृतीच्या कार्यातून गावोगाव मद्यवर्जन शिबिरे भरतात, आणि शिबिरातून बाहेर पडलेल्यांच्या 'नवजीवन समित्या' पुढे एकमेकांना धरून राहतात. शिबिरापेक्षा या समित्या आम्हांस अधिक मोलाच्या वाटतात. पुण्यात 1986 साली डॉ. अनिता अवचट व डॉ. अनिल अवचट यांनी, पु. ल. देशपांडे व सुनीताबाई यांच्या साहाय्याने, मुक्तांगण उभे केले; तेथेही व्यसनातून बाहेर आलेले रुग्णच पुढे कार्यकर्ते होऊन नव्या रुग्णाचा हात धरतात. मठ, देवस्थान आणि रुग्णालय या तीन निरनिराळ्या ठिकाणांहून निघालेल्या लोकांना सोबतीची हीच गरज दिसली, हा योगायोग नव्हे.

विज्ञानाची साक्षही याला मिळते. 2020 साली 27 अभ्यासांचा, म्हणजे दहा हजारांहून अधिक रुग्णांचा, एकत्र आढावा प्रसिद्ध झाला. रुग्णाला पद्धतशीरपणे अशा सभांकडे नेणारे उपचार अखंड मद्यत्यागाच्या बाबतीत इतर प्रस्थापित उपचारांहून सरस ठरले, असा त्याचा निष्कर्ष आहे. आणि तरीही आपल्या देशातील 2019 सालच्या राष्ट्रीय पाहणीत असे दिसले की, दारूवाचून ज्यांचे चालत नाही अशा 38 जणांपैकी एकालाच काही उपचार मिळतो. उरलेले 37 कोठे आहेत? ते आपल्याच गल्लीत आहेत, आपल्याच देवाचे कुळावी आहेत. त्यांना वाट ठाऊक नाही.

येथे या प्रश्नाचा खरा पेच आहे. सभा निनावी असली पाहिजे. नाहीतर अब्रूच्या भयाने कोणी येणार नाही. पण जे निनावी आहे ते सापडावे कसे? गुत्त्याचा पत्ता लहान पोरही सांगते. सभेच्या दारावर पाटी असेलच असे नाही, आणि ही संगत स्वतःचा डंका पिटीत नाही. निपाणीसारख्या गावात, जेथे तंबाखूच्या पेठेत सगळे एकमेकांना बापाच्या नावाने ओळखतात, तेथे गावातल्या सभेत जाणे म्हणजे ओळखले जाणे. आणि कोल्हापूर किंवा बेळगाव गाठायचे तर रोजगार बुडतो व घरी कारण सांगावे लागते. त्यात भाषेची अडचण. या भागातला मनुष्य कचेरीत कन्नड बोलेल, बाजारात मराठी बोलेल आणि घरात कदाचित कोंकणी. परंतु 'माझ्याच्याने सुटत नाही' हे वाक्य त्याच्या तोंडून एकाच भाषेत निघते, आणि ती त्याच्या आईची भाषा असते. गोमंतकात व मुंबईत अशा कित्येक सभा चर्चच्या किंवा शाळेच्या खोलीत भरतात. सभेचा कोणत्याही धर्माशी संबंध नाही, ईश्वराची कल्पना ज्याची त्याने करावयाची आहे. तरी परधर्माच्या आवारात पाऊल टाकताना आपला मनुष्य थबकतो. पिणारी स्त्री असेल तर तिची वाट याच्याही दुप्पट लांब, कारण तिच्या व्यसनाला घर रोग म्हणत नाही, कलंक म्हणते.

गुप्ततेची ही गरज आपल्या परंपरेला परकी नाही. धर्मशास्त्रकारांनी लोकांत प्रकट झालेल्या पापाचे प्रायश्चित्त वेगळे आणि अप्रकट पापाचे 'रहस्य प्रायश्चित्त' वेगळे सांगितले आहे. प्रत्येक पाप चव्हाट्यावर आणलेच पाहिजे असा त्यांचा आग्रह नव्हता. मग देवस्थानाने करावयाचे ते काय? आमच्या मते चारच गोष्टी. पुजारी, कार्यवाह आणि महाजन यांना आपल्या भागातील सभा कोठे, कोणत्या वारी, कोणत्या भाषेत भरते हे ठाऊक असावे. आणि विचारणाऱ्याचे नाव न विचारता त्यांनी ते सांगावे. देवळाच्या सूचनाफलकावर पालखी व अभिषेक यांच्या वेळांशेजारी, व्यसनमुक्तीसाठी सरकारने ठेवलेला 14446 हा विनामूल्य क्रमांक लिहावा, म्हणजे ज्याला तोंड उघडण्याचेही धैर्य नाही त्याला तो वाचता येईल. धर्मशाळेची किंवा अग्रशाळेची एक खोली आठवड्यातून एक तास अशा सभेसाठी द्यावी. ही संगत बाहेरच्यांची देणगी घेत नाही, आपला खर्च आपण भागविते. तेव्हा ती जे थोडके भाडे देऊ करील ते देवस्थानाने नाकारू नये. दान देण्याची आपल्याला सवय आहे. येथे त्याचे दहा-वीस रुपये मुकाट्याने घेणे हाच त्याचा मान राखणे होय. आणि ज्या घरात दारू शिरली आहे त्या घरच्या माणसांनाही तेथे जागा असावी. त्यांच्यासाठी 1951 पासून 'अल-अनॉन' ही निराळी संगत आहे, कारण व्यसन एकाला जडते आणि जागरण साऱ्या घराला पडते.

एक सावधगिरी मात्र अवश्य सांगितली पाहिजे. वर्षानुवर्षे रोज भरपूर पिणाऱ्याने देवापुढे शपथ घेऊन एका दिवसात दारू तोडली तर अंगाला कंप, भ्रम, झटके असे विकार उद्भवतात, आणि प्रसंगी ते प्राणावर बेततात. अशा मनुष्याला प्रथम डॉक्टरकडे न्यावे. बेळगावात सरकारी जिल्हा रुग्णालय आहे, धारवाडात मानसिक आरोग्याची जुनी संस्था आहे. सभा ही औषधाच्या जागी नाही, औषधानंतरच्या आयुष्यासाठी आहे. ज्यांना गाव सोडता येत नाही त्यांच्यासाठी आता मोबाइलवरूनही सभा भरतात. पहिले पाऊल म्हणून तेही चांगले.

व्यसनातून सुटलेल्याचा पुरुषार्थ त्याचा स्वतःचा असतो, आणि त्याला हात देण्याचा अधिकार त्याच्यासारख्यांचा. यात आमच्या-तुमच्यासारख्यांचा वाटा लहान आहे. ॲक्रनच्या त्या धर्मोपदेशकाचा वाटाही लहानच होता. एका अनोळखी मनुष्याचा दूरध्वनी त्याने घेतला आणि त्याला काही नावे सांगितली. आपल्या देवळाच्या पायरीशी उद्या असा कोणी येईल आणि आडवळणाने, बहुधा दुसऱ्या कोणासाठी म्हणून, विचारील. त्याला शपथ घालण्यापूर्वी वाट सांगता यावी, एवढी तयारी आपण आजच करून ठेवू या.